मशीन नव्याने उभे करताना विंडोजचा परवाना: फॉरमॅट मारण्याआधी काय बघायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुकानात आलेल्या मशीनला एसएसडी टाकला, बोर्ड बदलला किंवा नुसता फॉरमॅट मारला, की विंडोज कधी आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, कधी होत नाही. होत नाही तेव्हा दरवेळी गिऱ्हाइकाला नवी की (परवान्याचा २५ अक्षरी क्रमांक) घ्यायला लावायची का? आणि ऑफिस, टॅली वगैरेंचे काय करायचे?

बहुतेक वेळा नवी की लागत नाही. मशीनवर परवाना आधीच असतो, पण तो कुठे बांधलेला आहे हे न बघताच डिस्क पुसली जाते आणि मग शोधाशोध सुरू होते. हे बघायला दहा मिनिटे पुरतात, फक्त ती फॉरमॅटच्या आधी काढावी लागतात. (यापुढे आज्ञा आणि एरर कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; टाइप करताना ते इंग्रजीतच करायचे. एरर कोडच्या सुरुवातीचे ‘०एक्स’ गाळले आहे.)

परवाना तीन ठिकाणी बांधलेला असू शकतो: मदरबोर्डाला, गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला किंवा एखाद्या संस्थेच्या कराराला. मशीन सुरू होत असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ द्या. लहानशी खिडकी उघडते. तिच्यात एडिशनचे (होम, प्रो वगैरे) नाव, त्याखाली ‘चॅनल’, मग कीची शेवटची पाच अक्षरे आणि स्थिती दिसते. चॅनल हा शब्द नीट वाचा. ओईएम म्हणजे मशीनबरोबरच आलेला परवाना. ओईएम_डीएम म्हणजे की कारखान्यातच बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये) भरलेली आहे. ओईएम_सीओए_एनएसएलपी म्हणजे असेंबल मशीनवर स्टिकरची की वापरली आहे. रिटेल म्हणजे सुटी विकत घेतलेली की किंवा डिजिटल परवाना. व्हॉल्यूम_एमएके आणि व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट हे कंपनी, कॉलेज, सरकारी कार्यालय यांच्या करारातले: एमएके ही अनेक मशीनना चालणारी एकच की, केएमएसमध्ये संस्थेचा स्वतःचा सर्व्हर मशीन अ‍ॅक्टिव्हेट करतो.

रिटेल दिसले तर शेवटची पाच अक्षरेही बघा. ती ‘३व्ही६६टी’ असतील तर ती विंडोज प्रोची सर्वसाधारण की आहे. ‘८एचव्हीएक्स७’ असेल तर होमची. या कीने विंडोज बसते, पण तिच्यात स्वतःचा परवाना नसतो. अशा मशीनचा खरा परवाना, म्हणजेच डिजिटल परवाना, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या बोर्डाच्या नावाने नोंदलेला असतो. म्हणून ती पाच अक्षरे उतरवून ‘गिऱ्हाइकाची की जपून ठेवली’ असे समजू नका.

मशीन सुरूच होत नसेल, पण बोर्ड जिवंत असेल, तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून ते चालू करा. सिस्टिमच्या ‘सिस’ फोल्डरात फर्मवेअर, त्यात एसीपीआय, त्यात टेबल्स, आणि तिथे ‘एमएसडीएम’ नावाची फाइल असते. तिच्या शेवटच्या २९ अक्षरांत पूर्ण की मिळते: २५ अक्षरे आणि ४ आडव्या रेघा. फाइलच नसेल तर बोर्डात की नाही. चालू विंडोजमध्ये हीच की पॉवरशेलमधून, ‘सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिस’ या वर्गातल्या ‘ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की’ या नोंदीत वाचता येते. जुन्या सवयीने डब्ल्यूएमआयसी वापरणाऱ्यांना नव्या विंडोज ११ मध्ये ती आज्ञा सापडत नाही, कारण ती आता मुळात बसवलेली नसते.

बायोसमध्ये की भरण्याची ही पद्धत २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आली. म्हणून त्यानंतरच्या ब्रँडेड लॅपटॉपखाली की छापलेले स्टिकर नसते. विंडोज ७ च्या मशीनखाली ते असते, आणि आपल्याकडच्या घामाने, उन्हाने ते निम्मे पुसलेले असते. असेंबल मशीनच्या नव्या स्टिकरवर कीचा काही भाग करड्या लेपाखाली झाकलेला असतो. तो नखाने किंवा नाण्याने हलके खरवडा. ब्लेड लावलेत तर अक्षरे लेपाबरोबर निघून येतात आणि मग ती की कोणीच सांगू शकत नाही.

आता कामाच्या प्रकारांकडे येऊ.

हार्डडिस्क काढून एसएसडी टाकणे, रॅम वाढवणे, वायफाय कार्ड बदलणे यांत साधारणपणे काही बिघडत नाही. मशीनची ओळख प्रामुख्याने बोर्डावरून ठरते. क्लोन केलात तर सगळे जसेच्या तसे येते. नवे बसवलेत तर सेटअप की मागेल तिथे ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय घ्या आणि पूर्वीचीच एडिशन निवडा. नेट जोडल्यावर काही मिनिटांत अ‍ॅक्टिव्हेशन होते.

‘पूर्वीचीच एडिशन’ हे वाटते तितके सोपे नाही, आणि सर्वांत जास्त गाडी इथेच अडते. भारतात विकले जाणारे बरेच लॅपटॉप ‘होम सिंगल लँग्वेज’ घेऊन येतात. ते साध्या होमपेक्षा वेगळे आहे. एकाची की दुसऱ्याला चालत नाही. बायोसमध्ये की असेल तर अधिकृत आयएसओ (विंडोज बसवण्याची फाइल) एडिशन न विचारता बरोबर तीच बसवते. पण दुकानात फिरणारा पेनड्राइव्ह बहुधा कोणीतरी ‘फक्त प्रो’ असा बनवलेला असतो. होम सिंगल लँग्वेजच्या मशीनवर त्याने प्रो बसवले की अ‍ॅक्टिव्हेशन होणार नाहीच, आणि प्रोवरून होमवर परत यायला पुन्हा फॉरमॅटच मारावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने केलेला ताजा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यावर तारीख चिकटवा.

उलटी भानगडही होते. लॅपटॉप होम सिंगल लँग्वेजचा, पण गिऱ्हाइकाने मागे पैसे भरून प्रो घेतलेले. फॉरमॅट मारला की सेटअप बायोसमधली की वाचून गुपचूप होम बसवते. दुसऱ्या दिवशी फोन येतो की ऑफिसच्या डोमेनला (कंपनीच्या नेटवर्कला) मशीन जोडले जात नाही. अशा वेळी नेट काढा, सेटिंग्जमधल्या ‘की बदला’ मध्ये ‘३व्ही६६टी’ने संपणारी सर्वसाधारण प्रो की टाका, एडिशन बदलून मशीन रीस्टार्ट होऊ द्या, मग नेट जोडा. बोर्डाच्या नावाने प्रोचा डिजिटल परवाना असेल तर तो लागू होतो. आधीच टाळायचे असेल तर पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरात ‘ईआय.सीएफजी’ ही फाइल ठेवा. तिच्यात एडिशन ‘प्रोफेशनल’ आणि चॅनल ‘रिटेल’ लिहिले की सेटअप बायोसच्या कीमागे जात नाही. मात्र तो पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, नाहीतर वर सांगितलेली पहिली चूक तुमच्याच हातून होईल.

बोर्ड बदलणे हे खरे डोकेदुखीचे काम. नियम असा आहे की ओईएम परवाना बोर्डाबरोबर जगतो आणि बोर्डाबरोबर मरतो. अपवाद एकच: बोर्ड नादुरुस्त झाला म्हणून त्याच कंपनीने त्याच मॉडेलचा किंवा तुल्य बोर्ड वॉरंटीत बदलून दिला, तर परवाना पुढे चालतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरची माणसे नव्या बोर्डात सर्व्हिस टॅग आणि की भरतात. बाजारातून आणलेल्या बोर्डात की नसते, किंवा ज्या लॅपटॉपमधून तो काढला त्याची असते. मशीन जुने झाले, जलद हवे म्हणून बोर्ड बदलला, तर मायक्रोसॉफ्टच्या हिशेबी ते नवे मशीन आहे आणि नवा परवाना लागतो. गिऱ्हाइकाला हे बोर्ड काढण्याआधी सांगा. नंतर सांगितले तर ते त्याला दुकानदाराने शोधलेले निमित्त वाटते.

रिटेल परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडण्याची सोय आहे. जुना बोर्ड चालू असतानाच खाते जोडा. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेल्या डिजिटल परवान्याने’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसले पाहिजे. ‘खात्याशी जोडलेल्या’ हे शब्द नसतील तर काम अर्धेच झाले आहे. त्याच वेळी मशीनचे नावही बदला. नव्या बोर्डावर त्याच पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये (अडचण शोधणाऱ्या साधनात) ‘मी नुकतेच हार्डवेअर बदलले’ हे निवडल्यावर खात्यातल्या मशीनची यादी येते, आणि तिच्यात ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अगम्य अक्षरे अशीच नावे असतील तर योग्य कोणते ते कळत नाही. ‘शाह-मेडिकल-काउंटर’ असे नाव असेल तर कळते. ट्रबलशूटर मशीन अ‍ॅक्टिव्हेट नसेल तेव्हाच दिसतो, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते लागते आणि एडिशन तीच असावी लागते. जुन्या मशीनवर ‘एसएलएमजीआर /यूपीके’ देऊन की काढणे योग्यच, पण त्याने सर्व्हरला काही कळत नाही. की ‘परत जमा’ झाली असे समजू नका.

आता बायोस आयसीचे (बायोस ज्या चिपमध्ये असतो तिचे) प्रकरण, ज्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. लॅपटॉप डिस्प्ले देत नाही, बायोस बिघडल्याचा संशय आहे, म्हणून सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचण्या-लिहिण्याचे उपकरण) लावून नेटवरून उतरवलेली त्या मॉडेलची बिन फाइल (बायोसची पूर्ण प्रत) आयसीत भरली जाते. लॅपटॉप सुरू होतो, पैसे मिळतात. पण त्या फाइलबरोबर दुसऱ्याच कोणाच्या लॅपटॉपची विंडोज की, सीरियल नंबर आणि यूयूआयडी (मशीनचा ओळखक्रमांक) आत येतात. तीच फाइल आणखी किती दुकानांनी वापरली असेल त्याला मोजदाद नाही. मग सी००४सी००८ येतो, म्हणजे ही की परवानगीपेक्षा जास्त मशीनवर वापरली गेली. किंवा सी००४सी००३, म्हणजे की बंद केलेली आहे.

म्हणून लिहिण्याआधी वाचा. आयसीवरचा नंबर बघा: २५क्यू६४ म्हणजे ८ एमबी, २५क्यू१२८ म्हणजे १६ एमबी. व्होल्टेज डेटाशीटमध्ये तपासा, १.८ व्होल्टच्या आयसीला अ‍ॅडॅप्टर लावल्याशिवाय हा प्रोग्रामर जोडू नका. काळ्या रंगाच्या स्वस्त सीएच३४१एमध्ये डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, तेही मीटरने बघून घ्या. मूळ मजकूर दोनदा वाचून दोन फाइली जुळवून बघा. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही. मूळ फाइल गिऱ्हाइकाच्या नावाने जपून ठेवा. ती हेक्स एडिटरमध्ये उघडली की बहुतेक लॅपटॉपमध्ये पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांची की साध्या अक्षरांत दिसते. शक्य तेव्हा मूळ फाइलच दुरुस्त करावी, म्हणजे बायोसचा भाग कंपनीच्या अपडेटमधून घ्यावा, एमई (इंटेल मॅनेजमेंट इंजिनचा) भाग स्वच्छ करावा आणि त्याच लॅपटॉपची ओळख सांगणारा भाग तसाच ठेवावा. वेळ जास्त लागतो, पण लॅपटॉप स्वतःच्या नावाने परत उभा राहतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपची की शोधून इथे भरणे ही मात्र दुरुस्ती नव्हे.

बाकीचे एरर पटकन सांगतो. सी००४एफ२११ म्हणजे हार्डवेअर बदललेले दिसते, ट्रबलशूटरकडे जा. सी००४एफ२१३ म्हणजे मशीनमध्ये की सापडली नाही. बोर्ड बदलल्यावर हाच येतो. ८०३एफ७००१ म्हणजे या मशीनसाठी ग्राह्य परवाना नाही, आणि यामागे निम्म्या वेळा चुकीची एडिशन असते. सी००४एफ०७४ किंवा ८००७२३२बी म्हणजे मशीन केएमएस सर्व्हर शोधते आहे. घरच्या मशीनवर हा दिसला तर आधी कोणीतरी व्हॉल्यूम आवृत्ती बसवलेली आहे. आणि ८००७२एफ८एफ आला तर कीला हात लावू नका, घड्याळ बघा. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी मेलेली असते, तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते, सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. मीटरवर ३ व्होल्टच्या बरीच खाली असेल तर बदला. नाण्याएवढ्या बॅटरीपायी लोकांनी नव्या की घेतलेल्या आहेत.

जुन्या मशीनबद्दल एक गैरसमज अजून पक्का आहे: विंडोज ७ च्या स्टिकरवरची की टाकली की विंडोज १० किंवा ११ चालू होते. मोफत अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ लाच संपली होती. जुन्या की चालण्याचे मागचे दार मात्र उघडे राहिले होते, ते सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाले. आता ती की चालत नाही. पण जे मशीन दार बंद होण्याआधी एकदा तरी विंडोज १० वर अ‍ॅक्टिव्हेट झाले होते, त्याच्या बोर्डाचा डिजिटल परवाना कायम आहे. म्हणून जुन्या मशीनला नवी की सुचवण्याआधी की न टाकता विंडोज १० बसवून नेट जोडून बघा. परवाना दिसला तरी एवढे सांगा की विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षा चिप) व इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्या परवान्याने विंडोज ११ चालते; अडते ते हार्डवेअरपाशी.

स्वस्त कीचा विषय टाळता येत नाही. ऑनलाइन चारपाचशे रुपयांत मिळणाऱ्या प्रो की बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या एमएके असतात किंवा वापरून झालेल्या असतात. काही महिने चालतात, मग बंद होतात, आणि गिऱ्हाईक की विकणाऱ्याकडे नाही, तुमच्याकडे येते. शिवाय व्हॉल्यूम करारातला विंडोज परवाना हा अपग्रेड असतो; मशीनवर मूळ परवाना असल्याखेरीज तो कायदेशीर नाही.

‘अ‍ॅक्टिव्हेटर’ (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा बनावट प्रोग्राम) मारलेले मशीन ओळखणे सोपे आहे. एखाद्या किराणा दुकानाच्या मशीनवर चॅनल व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट दिसतो, ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ कायमचा परवाना सांगण्याऐवजी तारीख देते (केएमएसचे अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचेच असते), आणि डिफेंडर अँटीव्हायरसच्या अपवादांच्या यादीत एखादे अनोळखी फोल्डर असते. खरा केएमएस सर्व्हर किमान २५ मशीन जमल्याखेरीज साध्या विंडोजला अ‍ॅक्टिव्हेट करतच नाही. असे मशीन झाडून-पुसून देऊ नका, डेटा काढून स्वच्छ बसवा. कित्येकदा बायोसमध्ये होमची अस्सल की पडून असते आणि वर प्रोचा बनावट खेळ चाललेला असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी खाली, जाणूनबुजून चोरीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. बसवून देणाऱ्यानेही आपण त्यात कुठे बसतो हे वकिलाला विचारून ठेवावे.

खात्याबद्दल एक सवय लगेच सोडा. विंडोज ११ सेटअपमध्ये मायक्रोसॉफ्ट खाते मागते, गिऱ्हाईक समोर नसते, म्हणून दुकानाचे खाते टाकून काम पुढे ढकलले जाते. त्याने परवाना तुमच्या खात्याला चिकटतो. त्याहून वाईट म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊन बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या खात्यात जाते. वर्षभराने बायोस अपडेट होतो, निळा पडदा की मागतो, आणि तोवर दुकानातला तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. गिऱ्हाइकाला बसवून त्याचेच खाते घाला. बोर्ड, टीपीएम किंवा बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर थांबवा किंवा रिकव्हरी की मिळवा. नाहीतर परवाना वाचेल आणि डेटा जाईल.

ऑफिसचेही गणित खात्यावरच आहे. लॅपटॉपबरोबर आलेले होम अँड स्टुडंट ठरावीक मुदतीत खात्यात जमा करावे लागते, आणि त्यानंतर २५ अक्षरी कीला अर्थ उरत नाही. फॉरमॅटनंतर त्याच खात्याने आत जाऊन तिथूनच उतरवायचे. म्हणून ‘ऑफिस कोणत्या ईमेलवर आहे?’ हे जॉबशीटवर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. उत्तर बरेचदा ‘ज्याने बसवून दिले त्याच्या’ असे मिळते.

टॅलीचा परवाना फॉरमॅटच्या आधी मेन्यूतून सरेंडर करायचा आणि नव्या मशीनवर सीरियल नंबर व टॅली.नेट आयडी टाकून परत घ्यायचा. सरेंडर राहिले आणि डिस्क मेली, तर पार्टनर किंवा टॅलीच्या मदतकेंद्रामार्फत तो मोकळा करून घ्यावा लागतो, आणि महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, जीएसटीच्या गडबडीत, तेवढा धीर कोणाला नसतो. टॅलीप्राइमचा डेटा मुळात सी ड्राइव्हवरच्या यूझर्समधल्या पब्लिक फोल्डरात असतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढेच उतरवणाऱ्याच्या हातून तो निसटतो. अँटीव्हायरसचीही की फॉरमॅटआधी लिहून घ्या आणि मशीन बदलणार असेल तर जुन्यावर डीअ‍ॅक्टिव्हेट करा.

छापखान्यातले मशीन असेल तर मागे वाकून यूएसबी पोर्ट बघा. श्रीलिपीसारख्या डीटीपी सॉफ्टवेअरचा परवाना तिथल्या डोंगलमध्ये (पेनड्राइव्हसारख्या खुंटीत) असतो. तो हरवला तर डिस्कवर काहीही शोधून उपयोग नाही. विंडोज ११ टाकल्यावर डोंगल दिसत नसेल तर आधी त्याचा नवा ड्रायव्हर शोधा. जुना ड्रायव्हर विंडोजची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा सोय अडवते. डोंगल काढून पाकिटात घाला, पाकिटावर गिऱ्हाइकाचे नाव लिहा आणि पाकीट जॉबशीटला टाचा. त्याच जॉबशीटवर एक ओळ अशी असू द्या: ‘होम एसएल, ओईएम-डीएम, बायोसमध्ये की आहे, खाते जोडलेले, बिटलॉकर बंद, ऑफिस गिऱ्हाइकाच्या ईमेलवर, टॅली सरेंडर केले.’ ही ओळ भरल्याखेरीज कारागिराने स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.